बाराखडी पाठ आहे, तरी वाचन अडतं: दुसरीच्या वर्गासाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या हडपसर परिसरातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत तुम्ही दुसरीला शिकवता. वर्गात ३४ मुलं. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी मराठी बोलली जात नाही किंवा पुस्तकापेक्षा वेगळी मराठी बोलली जाते. मुळाक्षरं आणि बाराखडी बहुतेकांना तोंडपाठ आहे, फळ्यावरचं वहीत सुबक उतरवतात. पण न पाहिलेला चार ओळींचा उतारा दिला की अडतात, आणि जे वाचतात त्यांनाही काय वाचलं ते सांगता येत नाही. प्रशिक्षणात ध्वनिजाणीव (शब्दातले ध्वनी कानाने वेगळे ओळखणं), डिकोडिंग (छापलेलं उलगडून वाचणं), ओघवतं वाचन, आकलन, बहुभाषिकता हे सगळं ऐकलंत, पण उद्या वर्गात त्यातलं काय हाती धरायचं ते कळत नाही.

लिपी शिकवणं आणि भाषा वाढवणं ही दोन कामं पहिल्या दिवसापासून, रोज, शेजारी शेजारी चालायला हवीत. हे माझं उत्तर आहे, बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण. ‘आधी अक्षरं पक्की होऊ देत, अर्थाचं मग बघू’ असं ठरवलं की मराठीत हमखास घोटाळा होतो. मराठीचीच कारणं त्यामागे आहेत, तीही सांगते.

१९८६ मध्ये फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी वाचनाची एक अगदी साधी मांडणी केली. वाचून समजणं म्हणजे दोन क्षमतांचा गुणाकार: छापलेलं उलगडून वाचता येणं आणि ती भाषा ऐकून समजणं. बेरीज असती तर एका बाजूच्या जोरावर थोडंफार निभावलं असतं. गुणाकारात एक बाजू शून्य असली की उत्तर शून्यच येतं. या मांडणीवर पुढे बरीच चर्चा झाली, तिच्यात भर पडली, पण वर्गात निदान करायला तिच्याइतकं उपयोगी मला दुसरं काही सापडलेलं नाही.

निदान असं करा. दुसरीच्या पातळीचा एक छोटा उतारा घ्या, पाठ्यपुस्तकातला नको, कारण तो बऱ्याच जणांना पाठ असतो. एका मुलाला जवळ बसवून आधी तो त्याला वाचायला द्या. मग तशाच पातळीचा दुसरा उतारा तुम्ही त्याला वाचून दाखवा आणि दोन-तीन प्रश्न विचारा. तुम्ही वाचल्यावर उत्तरं येतात पण स्वतः वाचताना अडतो, त्याची अडचण लिपीची आहे. वाचतो खडाखडा, पण तुम्ही वाचून दाखवलेलंही कळत नाही, त्याची अडचण भाषेची. काही मुलं तिसऱ्या प्रकारची असतात. ऐकून समजतं, अक्षरंही येतात, पण एकेक शब्द जुळवताना इतकी दमतात की ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. आपण या तिघांनाही एकच उपाय देतो: बाराखडी पुन्हा लिहून आणा. यातल्या दोघांना त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि पहिल्यालाही फारसा नाही.

आता लिपी. इंग्रजी वाचनावरच्या पुस्तकांत ध्वनिजाणिवेवर फार भर असतो, आणि ते सगळं आपल्या प्रशिक्षणात जसंच्या तसं येतं. पण देवनागरीत लिहिण्याचं एकक सुटा ध्वनी नाही, अक्षर आहे. ‘क’ म्हणजे क् आणि अ असे दोन ध्वनी, आणि मुलाला ते एकच वाटतात. म्हणून सुरुवातीला शब्दाचे अक्षरांत तुकडे करणं, तोंडी, टाळ्या वाजवून, हेच बरोबर. ‘बटाटा’ला किती टाळ्या? ‘टमाटा’ आणि ‘बटाटा’त शेवटी काय सारखं ऐकू येतं? पण तिथेच थांबलात तर मात्रा कळत नाही. ‘का’, ‘की’, ‘कू’ यांत काहीतरी तेच राहतंय आणि काहीतरी बदलतंय, हे मुलाच्या कानाला समजलं पाहिजे. ही जाणीव झाली की काना, वेलांटी, उकार ही चिन्हं कोणत्याही अक्षराला लावता येतात हे त्याला उमगतं. ती झाली नाही तर बाराखडीतली चारशेहून अधिक रूपं एकेक करून पाठ करायची पाळी येते.

तुमच्या मुलांची बाराखडी याच कारणाने वाचनात उतरत नाही. पाठ असलेली बाराखडी ही एक चाल आहे, आणि तिच्यातलं प्रत्येक रूप आपल्या जागेला बांधलेलं आहे. कार्डावर एकटा ‘कु’ लिहून दाखवा. ज्याची बाराखडी नुसती पाठ आहे तो ओठातल्या ओठात ‘क, का, कि, की’ करत तिथपर्यंत येईल. मग ‘मु’ दाखवा, मग ‘गु’. दर वेळी सुरुवातीपासून म्हणावं लागत असेल तर त्या मुलाला उकार येत नाही, बाराखडी येते. बाराखडी टाकून द्या असं मी म्हणत नाही. मुलाला पाच-सहा अक्षरं आणि तीन-चार मात्रा वापरून वाचता येऊ लागलं की तिची मांडणी त्याला छान समजते. सुरुवात मात्र तिथून नको.

सुरुवात अक्षरगटांपासून करा. गट असा निवडा की पहिल्याच आठवड्यात शब्द बनावेत आणि दुसऱ्या आठवड्यात वाक्य. म, क, ल, आ आणि काना एवढंच घ्या. मामा, काका, काल, लाल, माल, मला, कला, कमाल, आला. आणि मग ‘मामा काल आला.’ हे पूर्ण, खरंखुरं मराठी वाक्य झालं, तीन व्यंजनं, एक स्वर आणि एका मात्रेत. त्यावर बोलता येतं: कुणाचा मामा आला होता? काय आणलं? यात न मिळवला की नाक, कान, मान, नाना, नको यायला लागतात, ‘नको’साठी ओकाराची मात्राही ओघानेच येते. जे मूल वर्षभर ‘क कमळाचा, ख खटाऱ्याचा’ म्हणत बसलं, त्याने आयुष्यात एकही वाक्य स्वतः वाचलेलं नसतं. ज्याने ‘मामा काल आला’ वाचलं त्याला हा उद्योग कशासाठी आहे ते कळलेलं असतं.

गट पाडताना एक पथ्य पाळा. दिसायला सारखी अक्षरं लागोपाठ शिकवू नका: म आणि भ, घ आणि ध, प आणि ष, ब आणि व, थ आणि य. एक पक्कं झालं, आठवडे गेले, मग दुसरं आणा आणि तेव्हा मुद्दाम शेजारी ठेवून फरक दाखवा. कानाला सारख्या वाटणाऱ्यांचंही तेच. आपला कखगघङचा क्रम उच्चारस्थानांप्रमाणे लावलेला आहे, शास्त्रीयदृष्ट्या तो अप्रतिम आहे, आणि पुढे शब्दकोश पाहायला तो यायलाच हवा. पण त्यात मिळतेजुळते ध्वनी शेजारी शेजारी येतात, आणि शिकणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला तेच अवघड जातं.

पुढची वाट लांब आहे, आणि ती लांब आहे हे पालकांना, पर्यवेक्षकांना आणि स्वतःलाही सांगावं लागतं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, पण त्याच्या आधी उच्चारतात. एकट्या ‘र’ची रूपं पाहा: सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत एक समुद्र आहे आणि एक डोंगरातली खोल जागा, फरक फक्त र जोडण्याच्या पद्धतीचा. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ मुलांना दोन वळणांत भेटतात. आपली पाकळीचा ल आणि देठाचा श ही वळणं शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण ठरवलेली आहेत, पण मोबाइलवर आणि दुकानांच्या पाट्यांवर हिंदी वळण सर्रास दिसतं. ते मुलांना एकदा उघड सांगून टाका, नाहीतर ते नवंच अक्षर समजतात. वाचनाच्या अभ्यासक सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अक्षरं हस्तगत व्हायला तिसरी-चौथी उजाडते असं दिसलं. कन्नडची लिपी वेगळी, पण रचना आपल्यासारखीच अक्षरांची. तेव्हा दुसरीतलं मूल जोडाक्षराला अडखळलं तर ते मागे पडलं असं समजू नका. त्याला ते जोडाक्षर थेट, उलगडून शिकवलं गेलं आहे का, हा प्रश्न विचारा. बऱ्याच वर्गांत जोडाक्षरं शिकवलीच जात नाहीत, ती आपोआप येतील असं धरलेलं असतं.

आणि याच कारणाने अर्थ थांबवून ठेवता येत नाही. लिपी पुरती हाताशी यायला तीन-चार वर्षं लागणार असतील, तर तोवर मुलाला गोष्ट, विचार, चर्चा काहीच द्यायचं नाही का? तिसरी-चौथीत परिसर अभ्यासाचं पुस्तक त्याच्यासाठी थांबणार नाही. २०११ ते २०१६ या काळात पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा सलग अभ्यास झाला होता. त्यात वर्गांचं जे चित्र दिसलं ते तुम्हाला ओळखीचं वाटेल: गिरवणं, उतरवणं, सामूहिक पठण यात वेळ जातो, आणि गोष्टी, बोलणं, मुलांचं स्वतःच्या मनातलं लेखन यांना जागाच उरत नाही.

आणखी एक कारण आहे, ते फार कमी वेळा बोललं जातं. मराठीत लिपी उलगडण्यासाठीसुद्धा भाषा यावी लागते. ‘करतो’ असं लिहितो, पण म्हणतो ‘कर्तो’. ‘घर’ लिहितो, म्हणतो ‘घर्’. मूल ‘क, र, तो’ असं सुटं वाचतं तेव्हा त्याच्या कानावर ओळखीचा शब्द पडत नाही. ‘करतो’ हा शब्द ज्याच्या बोलण्यात आहे तो क्षणभर थांबतो आणि ‘कर्तो!’ म्हणून दुरुस्त करतो. ज्याच्या बोलण्यात नाही तो सुटंच वाचत राहतो, आणि आपण म्हणतो याला जोडवाचन येत नाही. च, ज, झ यांचंही तसंच. ‘चार’ आकडा आणि गुरांचा ‘चारा’, ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, अक्षर एक आणि उच्चार दोन. कोणता कुठे, हे पानावर कुठेही लिहिलेलं नसतं, ते फक्त कानाला ठाऊक असतं. घरी कन्नड, हिंदी किंवा लमाणांची गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला ते कुणी सांगायचं?

म्हणून आता भाषेकडे येते, आणि पुण्यातल्या वर्गांत मला हाच भाग सर्वांत तातडीचा वाटतो.

बांधकामाच्या साइटवर राहणाऱ्या कुटुंबांमुळे आपल्या एकाच वर्गात कलबुर्गी-विजयपुराकडची कन्नड, लमाणांची गोरमाटी, वडारी, भोजपुरी वळणाची हिंदी आणि मराठवाड्याची मराठी एकत्र बसलेली असते. ही मुलं सहा महिन्यांत मैदानावर फाडफाड मराठी बोलायला लागतात, आणि आपल्याला वाटतं भाषेचा प्रश्न मिटला. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा फरक मांडला: रोजच्या संवादाची भाषा लवकर येते, शाळेत विचार करण्याची भाषा यायला वर्षं लागतात. ‘ए, बॉल टाक ना’ म्हणताना समोर बॉल असतो, हात असतात, मित्र असतो. ‘खालील चित्राचे निरीक्षण करा व त्यामुळे काय होईल ते सांगा’ या वाक्यात फक्त भाषाच असते. त्यामुळे, तरीही, जर-तर, म्हणून, मात्र, याउलट हे शब्द मुलांना मैदानावर फारसे भेटत नाहीत. ते मुद्दाम तुमच्या बोलण्यात आणा. ‘पाऊस आला, म्हणून मैदान ओलं झालं, तरीही आपण खेळलो.’ उद्या मुलांना तशी वाक्यं तोंडी करायला सांगा.

कमिन्स यांचाच दुसरा मुद्दा आशा देणारा आहे. एका भाषेत समजलेलं दुसऱ्या भाषेत वाया जात नाही. गोष्टीत आधी काय, नंतर काय, पात्र असं का वागलं, हे मुलाला गोरमाटीत सांगता येत असेल तर ते त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागणार नाही, फक्त मराठी शब्द द्यावे लागतील. म्हणून गोष्ट ऐकल्यावर मुलांना आपापल्या भाषेत ती एकमेकांना सांगू द्या. ‘मला गोरमाटी येत नाही, मी काय करू?’ असं शिक्षक विचारतात. तुम्हाला यायची गरज नाही. दोन मुलं आपसांत बोलतील, तिसरं मराठीत सांगेल, आणि तुम्ही त्यांच्याकडून चार शब्द शिकाल. ते चार शब्द देवनागरीत फळ्यावर लिहा, शेजारी मराठी शब्द लिहा. वर्षभर गप्प बसलेलं मूल आपला शब्द फळ्यावर पाहून तोंड उघडतं, हे मी अनेक वर्गांत पाहिलं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलेलं आहे. चार-पाच भाषांच्या वर्गात ते शब्दशः करता येत नाही, पण घरच्या भाषेला वर्गात जागा देणं आपल्या हातात आहे.

मराठीच्याच बोलींबद्दल माझं मत ठाम आहे. मूल ‘पाणी’ या छापील शब्दाला ‘पानी’ वाचतं तेव्हा त्याने तो बरोबर वाचला आहे. शब्द ओळखला, अर्थ कळला, आणि आपल्या बोलीत उच्चारला. ती वाचनाची चूक धरू नका. ‘व्हतं’, ‘न्हाय’, ‘कुटं’ बोलणाऱ्या मुलाला प्रत्येक वाक्यात थांबवून ‘होतं म्हण’ केलं की ते दोन आठवड्यांत बोलणं बंद करतं, आणि न बोलणाऱ्या मुलाची भाषा वाढवण्याचा कोणताच मार्ग शिक्षकाकडे राहत नाही. मूल म्हणालं, ‘बाई, आमच्याकडं पानीच न्हाय आलं,’ तर तुम्ही म्हणा, ‘अरेरे, पाणीच नाही आलं? मग काय केलंत?’ प्रमाण रूप त्याच्या कानावर पडलं आणि बोलणंही पुढे गेलं. प्रमाण मराठी त्याला यायलाच हवी, तो त्याचा हक्क आहे. ती त्याच्या बोलीत भर घालत यावी, बोली पुसून नव्हे.

आकलनाबद्दल. गोष्ट समजली की नाही हे पाहायला आपण विचारतो, ‘लाकूडतोड्याची कुऱ्हाड कुठे पडली?’ याचं उत्तर ओळीवर बोट ठेवून सापडतं, आणि न समजताही सापडतं. असे प्रश्न असू देत, पण त्यांच्याबरोबर दोन वाक्यं जोडल्याशिवाय उत्तर मिळणार नाही असा एक प्रश्न ठेवा, आणि मुलाच्या स्वतःच्या अनुभवाला हात घालणारा एक. ‘तो सोन्याची कुऱ्हाड का घेत नाही?’ ‘तू काय केलं असतंस?’ दुसऱ्या प्रश्नाला मुलं खरी उत्तरं देतात, काही जण सरळ म्हणतात मी घेतली असती. त्यावर रागावू नका. का घेतली असतीस, ते विचारा. तिथे विचार सुरू होतो.

आकलन ही सुटी शिकवता येणारी युक्ती आहे असा एक समज पसरला आहे. डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली या संशोधकांच्या १९८८ च्या प्रयोगात बेसबॉलवरचा उतारा वाचायला दिला होता. वाचनात कच्च्या पण बेसबॉल जाणणाऱ्या मुलांना तो, वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्यांपेक्षा जास्त समजला. तुमच्याकडचंच बघा. ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी पुण्यातून हडपसरपर्यंत एकाच रस्त्याने येतात आणि तिथून एक दिवे घाटाकडे, एक लोणी काळभोरकडे जाते. तिथे वाढलेल्या मुलाला वारीवरचा पाठ द्या, ‘दिंडी’, ‘रिंगण’, ‘मुक्काम’ हे शब्द तो अडखळत वाचेल पण पाठ त्याला कळेल. गेल्या महिन्यात बिहारमधून आलेल्या मुलाला सगळी अक्षरं आली तरी तो कोराच राहील. म्हणून पाठाआधी दहा मिनिटं बोला, चित्र दाखवा, पाहिलेल्यांना सांगायला लावा. ही दहा मिनिटं वाया जातात असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

रोज वाचून दाखवणं मी या सगळ्याच्या वर ठेवते. रोज, न चुकता, दहा-पंधरा मिनिटं, मुलांना स्वतः वाचता येईल त्याहून अवघड भाषेचं पुस्तक. लिपी कच्ची असलेल्या मुलाला समृद्ध मराठी मिळण्याचा तेवढाच दरवाजा उघडा असतो. पुस्तक मुलांकडे वळवून धरा, वाचताना मधूनमधून ओळीखाली बोट फिरवा, एखाद्या शब्दाशी थांबा. पुस्तकांसाठी निधी नाही हे मला माहीत आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक शाळेच्या कपाटात बऱ्याचदा बांधून ठेवलेले असतात, ते सोडवा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत चित्रपुस्तकं स्वस्तात मिळतात. आणि कपाटाला कुलूप लावू नका. पुस्तकं फाटतात, फाटू देत.

ओघवत्या वाचनाबद्दल थोडक्यात. पायाभूत वाचन आणि गणितासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्यात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द, अर्थासह, असं लक्ष्य आहे. ‘अर्थासह’ हा शब्द तपासणीत गळून पडतो आणि घड्याळ उरतं. वेग महत्त्वाचा आहे, कारण सगळं लक्ष अक्षरं जुळवण्यात गेलं तर अर्थासाठी काही उरत नाही. पण वेग घाई करून येत नाही, तोच सोपा मजकूर पुन्हा पुन्हा वाचून येतो. जोडीवाचन, संवादवाचन, पहिलीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायची म्हणून केलेली तयारी, हे करून पाहा. वाचताना वाक्याला चढउतार येतोय का ते ऐका. प्रश्नचिन्हाशी आवाज वर गेला तर मुलाला अर्थ कळतोय.

लेखन आपल्याकडे हस्ताक्षर आणि शुद्धलेखन यांत अडकलं आहे. एका मुलीने लिहिलं, ‘माजी आइ कामला जाते मि भावला सामबाळते.’ हे वाचून तुम्हाला काय दिसलं? मला आधी दिसतं की सात वर्षांची ही मुलगी भावाला सांभाळते. तिच्याशी त्यावर बोला. मग दिसतं की काना आणि मात्रा तिला येतात, अनुस्वाराच्या जागी तिने कानाला ऐकू येणारा म लिहिला, म्हणजे तिची ध्वनिजाणीव उत्तम आहे. ‘कामाला’, ‘भावाला’ यांत मधला काना सुटतोय, तो उद्याच्या पाठाचा विषय. शेवटचा इकार दीर्घ हा नियमही हळूहळू सांगता येईल. लाल शाईने वाक्य भरलंत तर यातलं काहीच हाती लागणार नाही, आणि पुढच्या वेळी ती तीनच शब्द लिहील, येतात तेवढेच. फळ्यावरून उतरवणं हे लेखन नाही. रोज एक वाक्य तरी मुलाच्या स्वतःच्या मनातलं असू द्या. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढावं, सांगावं, आणि तुम्ही त्याच्यासमोर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. त्याने म्हटलेलं ‘व्हतं’ तसंच लिहा. स्वतःचं बोलणं अक्षरांत उतरताना पाहणं ही त्या मुलासाठी वाचनाची पहिली खरी ओळख असते.

वेळ कुठून आणायचा? भाषेला तुम्हाला साधारण दीड तास मिळतो असं धरते. त्यातली पंधरा मिनिटं वाचून दाखवणं आणि त्यावर बोलणं. अर्धा तास लिपीचं काम, तेही एकाच पातळीवर सगळ्यांना नाही. तुमच्या निदानातून तीन गट झालेच आहेत, त्यातल्या एका गटाबरोबर तुम्ही जमिनीवर बसा, बाकीचे दोन शब्दपट्ट्या किंवा जोडीवाचन करतील. वीस-पंचवीस मिनिटं मुलांनी स्वतः वाचणं, उरलेलं लेखन. सुरुवातीला गोंगाट होईल, मुख्याध्यापक डोकावतील. त्यांना आत बोलवा, एखाद्या गटात बसवा. गट कायमचे करू नका, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि बदला. ‘हुशार’ आणि ‘कच्चे’ अशी नावं तर मुळीच देऊ नका, मुलांना ती पहिल्याच दिवशी कळतात.

पालक विचारतील, बाराखडीची वही का नाही? त्यांच्यासमोर मुलाला एक न पाहिलेलं वाक्य वाचायला द्या. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही अशा पालकांनाही घरी काम आहे: त्यांच्या भाषेत रात्री एक गोष्ट सांगायची, आणि मुलाने वाचलेलं ऐकायचं. ऐकायला अक्षरं लागत नाहीत. तुमच्या हद्दीत साइटवरची मुलं असतील तर डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था पुण्यात साइटवर जाऊन हेच काम करतात, त्यांच्या ताईंशी बोला, मूल दुपारनंतर कुठे आणि कसं राहतं ते त्यांना ठाऊक असतं. मराठी वाचन कसं शिकवावं यावर फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी आणि वाडा तालुक्यातल्या क्वेस्ट या संस्थेने केलेलं काम तर आपल्या अगदी जवळचं आहे. जमलं तर एकदा जाऊन वर्ग पाहून या.

सगळं केल्यावरही दोन-तीन मुलं पुढे सरकत नाहीत असं दिसेल. त्यांच्यावर लगेच कसलाही शिक्का मारू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, शाळेच्या आरोग्य तपासणीत ते होतं, पण त्या दिवशी नेमकी हीच मुलं गैरहजर असतात. वर्षात किती शाळा बदलल्या ते विचारा. साइट बदलली की शाळा बदलते, आणि दर वेळी ‘क कमळाचा’पासून सुरुवात झालेली असते. सलग सहा महिने नीट शिकवूनही फरक पडला नाही, तर मग विशेष शिक्षकांचा सल्ला घ्या.

येत्या आठवड्यात मात्र यातलं एकच करा: रोज पाच-सहा मुलांना जवळ बसवून तो दोन उताऱ्यांचा ताळा घ्या आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ लिहा, काय येतं आणि कुठे अडतं. वाचून दाखवणं त्याच दिवशी सुरू करा, त्यासाठी निदानाची वाट पाहायची गरज नाही. अक्षरगट त्यानंतरच्या सोमवारपासून. यादी झाली की कळवा, गट कसे पाडायचे आणि कोणत्या गटाला कोणती अक्षरं आधी द्यायची ते आपण मुलांची नावं समोर ठेवूनच ठरवू.